कुलूप आणि मक्ता : आयफोनच्या पहिल्या युरोपीय विक्रीतील कायद्याचा प्रश्न (२००७–२०१०)

विकत घेतलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची मालकी संपूर्ण असते, हे तत्त्व आपल्या व्यवहारात इतके रुजलेले आहे की त्याला अपवाद असू शकेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कंदील विकणारा दुकानदार त्यात कोणाकडचे रॉकेल घालावयाचे हे ठरवीत नाही. शिवणयंत्र विकणारा कोणत्या गिरणीचा दोरा वापरावा याची अट घालीत नाही. भ्रमणध्वनीच्या, म्हणजे मोबाइल दूरध्वनीच्या बाबतीत मात्र अशी अट यंत्राच्या पोटातच बसवून ते विकण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक देशांत पडली. यंत्र ग्राहकाचे, पण ते चालावयाचे एकाच कंपनीच्या जाळ्यावर. काही देशांच्या कायद्याने या प्रथेला मर्यादा घातली होती व ठराविक मुदतीनंतर यंत्र मोकळे करून दिलेच पाहिजे असा दंडक केला होता. अशा परिस्थितीत २००७ साली ॲपल या अमेरिकन कंपनीने आयफोन नावाचे आपले नवे यंत्र युरोपात आणले, आणि ते आणताना प्रत्येक देशात एकेका सेवाकंपनीलाच त्याच्या विक्रीचा मक्ता दिला. दंडक व मक्ता यांची गाठ पडणे मग अटळ होते. ती कशी पडली आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभीच दोन शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. ‘कुलूप’ म्हणजे एका सेवाकंपनीखेरीज अन्य कोणाचेही सिम-कार्ड न स्वीकारण्याची यंत्रात केलेली व्यवस्था. ‘मक्ता’ म्हणजे एखादे यंत्र एका देशात एकाच सेवाकंपनीने विकावे असा तिचा निर्मात्याशी झालेला करार. या दोन गोष्टी व्यवहारात बहुधा जोडीने आढळतात, त्यामुळे त्या एकच आहेत असा समज होतो. तो बरोबर नाही, आणि पुढील इतिहासातील बराचसा गोंधळ या समजातूनच उद्भवलेला आहे.

भ्रमणध्वनीच्या कुलपाच्या इतिहासात एक मोठा विरोधाभास आहे. युरोपीय राष्ट्रांनी मिळून सिद्ध केलेली जी.एस्.एम्. ही पद्धती १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये प्रत्यक्ष सेवेत आली. या पद्धतीचा एक विशेष असा की वर्गणीदाराची ओळख यंत्रात न ठेवता एका छोट्या सुट्या कार्डात ठेवलेली असते. कार्ड काढावे, दुसऱ्या यंत्रात घालावे, की ते यंत्र आपले झाले. उलट यंत्र तेच ठेवून दुसऱ्या कंपनीचे कार्ड घातले की कंपनी बदलली. यंत्र आणि वर्गणी यांची फारकत करावी या हेतूनेच ही योजना केलेली होती. परंतु थोड्याच वर्षांत याच पद्धतीच्या यंत्रांत कुलपाची सोय आली, आणि जी फारकत मुद्दाम केली होती ती कुलपाने पुन्हा मोडून काढली. फिनलंडनेच, जेथे ही पद्धती प्रथम चालू झाली तेथे, यंत्र व वर्गणी यांची जोडविक्री २००६ पर्यंत निषिद्ध ठेवली होती, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

कुलपाची क्रिया अगदी साधी आहे. प्रत्येक सिम-कार्डात वर्गणीदाराचा एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे व त्यापुढील दोन किंवा तीन अंक सेवाकंपनीचे असतात. फ्रान्समधील ऑरेंज कंपनीच्या कार्डाचा आरंभ २०८-०१ असा, तर जर्मनीतील टी-मोबाइलच्या कार्डाचा २६२-०१ असा होतो. कुलूपबंद यंत्र चालू होताना हे आरंभीचे अंक वाचते; ते नेमून दिलेल्या अंकांशी जुळले नाहीत तर पुढे चालण्याचे नाकारते. किल्ली म्हणजेही अंकांचीच एक मालिका. ती विशिष्ट यंत्रापुरती असते व कंपनीच्या दप्तरात राहते. यंत्राच्या अंगी कोणतीही उणीव नसते; दुसऱ्या कंपनीच्या लहरी ऐकण्यास ते पूर्ण समर्थ असते. ऐकावयाचे नाही एवढेच त्यास शिकविलेले असते.

या प्रथेच्या समर्थनार्थ सेवाकंपन्या जे कारण देत ते सर्वस्वी निराधार नव्हते. यंत्राची किंमत मोठी. ती एकदम देणे अनेकांना जड जाते. तेव्हा कंपनी काही भाग आपल्या पदरचा घालून यंत्र स्वस्तात देते आणि पुढे दोन वर्षांच्या मासिक वर्गणीतून ती रक्कम वसूल करते. स्वस्तात घेतलेले यंत्र घेऊन ग्राहक दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर पहिल्या कंपनीचे पैसे बुडाले, म्हणून कुलूप. मराठी वाचकाला हा प्रकार थोडा अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे जी.एस्.एम्. यंत्र एका दुकानातून आणि कार्ड दुसऱ्या दुकानातून घेण्याचीच रीत प्रारंभापासून सर्वसाधारणपणे राहिली. त्याला ठळक अपवाद म्हणजे २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून घेऊन घरोघर पोहोचविलेली सी.डी.एम्.ए. पद्धतीची यंत्रे. त्यांत सुटे कार्डच नव्हते, वर्गणीदाराची ओळख यंत्रातच कोरलेली होती, त्यामुळे निराळ्या कुलपाची गरजच नव्हती. असो.

आयफोनच्या बाबतीत मात्र वरील समर्थन लागू पडत नव्हते, आणि त्यामुळेच हे प्रकरण इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचे वाटावयास हवे. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत विक्री सुरू झाली तेव्हा त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. एवढी किंमत घेऊनही ग्राहकाने ए. टी. अँड टी. या एकाच कंपनीशी दोन वर्षांचा करार केला पाहिजे अशी अट होती व यंत्राला कुलूप होते. सेवाकंपनीने पदरचे पैसे घालून यंत्र स्वस्त केले होते असे नव्हे. उलट ग्राहक दरमहा जी वर्गणी भरी तिच्यातील एक हिस्सा ती ॲपलला देत असे. म्हणजे येथे कुलूप राखीत होते ते दिलेल्या सवलतीच्या वसुलीला नव्हे, तर निर्मात्याला पुढील दोन वर्षे मिळावयाच्या उत्पन्नाला. यंत्र एकदा विकून त्याची किंमत घ्यावयाची आणि त्याच्या वापरावरही वाटा घ्यावयाचा, असा हा दुहेरी व्यवहार होता. मिरासदार आणि खंडकरी या दोहोंच्या भूमिका एकाच करारात याव्यात, तसे हे झाले.

ग्राहकांनी या कुलपाचा काय आदर केला हे लगेच दिसून आले. ऑगस्ट २००७ मध्ये न्यू जर्सी संस्थानातील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने काही सहकाऱ्यांच्या मदतीने हे कुलूप उघडून दाखविले. त्या उघडलेल्या यंत्राच्या मोबदल्यात त्याला एक मोटारगाडी व तीन नवे आयफोन मिळाले. ऑक्टोबरमध्ये खुद्द ॲपलने जो अंदाज जाहीर केला त्यानुसार तोवर विकल्या गेलेल्या सुमारे १४ लाख यंत्रांपैकी अडीच लाख यंत्रे कुलूप उघडण्याच्या उद्देशानेच घेतली गेली होती. कंपनीने मग एका ग्राहकाला दोनच यंत्रे देण्याचा आणि रोख पैसे न स्वीकारण्याचा नियम केला. रोख नाणे नाकारणारा दुकानदार व्यापाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल. त्याआधी सप्टेंबरअखेर यंत्राच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती काढण्यात आली होती. ती घालताच उघडलेली अनेक यंत्रे निकामी झाली. तरीही ही यंत्रे जगभर पसरतच राहिली. भारतात अधिकृत विक्री २२ ऑगस्ट २००८ रोजी सुरू झाली, परंतु तत्पूर्वीच मुंबईच्या हिरा-पन्नासारख्या बाजारांत उघडलेले आयफोन विकत मिळत होते.

अमेरिकन कायद्याची भूमिका या वेळी मोठी चमत्कारिक होती. यंत्रातील आज्ञावलीचे संरक्षण भेदणे १९९८ च्या प्रतिलिपी-हक्काच्या कायद्याने निषिद्ध होते; पण २७ नोव्हेंबर २००६ पासून तीन वर्षांपुरती त्यातून मोबाइलच्या कुलपाला सूट देण्यात आली होती, आणि ही सूट देण्याचा अधिकार होता तेथील संसदीय ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे. अर्थात सूट होती ती उघडणाऱ्याला शिक्षा न करण्यापुरती. किल्ली देण्याचे बंधन कोणावरही नव्हते. मोकळीक आणि हक्क यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट होतो : अमेरिकेत ग्राहकाला कुलूप फोडण्याची मोकळीक होती, फ्रान्समध्ये त्याला किल्ली मागण्याचा हक्क होता.

आता युरोपकडे वळू. ९ नोव्हेंबर २००७ रोजी ब्रिटनमध्ये ओ-टू आणि जर्मनीत टी-मोबाइल या कंपन्यांनी आयफोनची विक्री सुरू केली. जर्मनीतील किंमत ३९९ युरो, आणि सोबत २४ महिन्यांचा करार. सर्वांत हलकी वर्गणी दरमहा ४९ युरो. जर्मनीत यंत्र उघडून देण्याविषयी फ्रान्ससारखा नियम नव्हता. इतकेच नव्हे, तर तेथील संघीय न्यायालयाने २००४ साली असा निर्णय दिलेला होता की निर्मात्याच्या संमतीवाचून कुलूप काढून ते यंत्र त्याच्याच नावाने विकणे हा व्यापारचिन्हाचा भंग होय. म्हणजे जर्मन न्यायाची दिशा कुलूप राखण्याकडेच होती. असे असूनही पहिला आघात जर्मनीतच झाला, आणि तो केला तो ग्राहकाने नव्हे, प्रतिस्पर्धी कंपनीने. व्होडाफोनने हांबुर्गच्या प्रांतिक न्यायालयातून, विक्री सुरू झाल्यानंतर तीनच दिवसांनी, अंतरिम मनाई हुकूम मिळविला. आयफोन केवळ टी-मोबाइलच्या वर्गणीला जोडून व कुलूप घालून विकणे ही अनुचित स्पर्धा होय, असे तिचे म्हणणे होते. व्होडाफोन स्वतः अन्यत्र कुलूपबंद यंत्रे विकीत होती हे ध्यानात घेतले म्हणजे या वादात तत्त्वनिष्ठेचा भाग किती होता हे सांगावयास नको. परंतु कायद्याच्या इतिहासात वादीच्या हेतूला फारसे महत्त्व नसते.

या हुकुमावर टी-मोबाइलने जे केले ते पुढील सर्व घटनांचा नमुना ठरले. तिने विक्री थांबविली नाही. २१ नोव्हेंबर रोजी तिने जाहीर केले की कुलूप नसलेला, कराराची अट नसलेला आयफोन ज्यांना हवा असेल त्यांना तो मिळेल. किंमत ९९९ युरो. हुकुमाचे शब्दशः पालन झाले. कुलूप काढले गेले आणि त्याच्या जागी ६०० युरोंचा फरक येऊन बसला. हा फरक २४ महिन्यांवर पसरला तर दरमहा २५ युरो होतात. म्हणजे ४९ युरोंच्या वर्गणीतील निम्म्याहून किंचित अधिक. हा हिशेब आमचा आहे, कंपनीचा नव्हे. पण कराराने बांधलेल्या ग्राहकाची कंपनी किती किंमत करीत होती याचा त्यावरून थोडासा अदमास करता येतो. कराराचा मार्ग घेणाऱ्यास दोन वर्षांत किमान ३९९ अधिक १,१७६, म्हणजे १,५७५ युरो मोजावे लागत. कुलूप असेतोवर ही रक्कम कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हती. ९९९ हा आकडा दुकानात लागल्यावर मात्र ग्राहक बेरीज करू लागला. ४ डिसेंबर रोजी त्याच न्यायालयाने हुकूम उठविला, आणि टी-मोबाइलने मोकळ्या यंत्राची विक्री तत्काळ बंद केली. दोन आठवड्यांपुरती दिसलेली किंमत पुन्हा झाकली गेली.

फ्रान्समधील परिस्थिती निराळी होती. तेथे १९९८ च्या शासकीय आदेशाने जी.एस्.एम्. सेवाकंपन्यांवर असे बंधन घातलेले होते की यंत्राला कुलूप असल्यास ते ग्राहकास सांगितले पाहिजे, आणि सहा महिन्यांनंतर ते विनामूल्य उघडून दिले पाहिजे. त्याच्या जोडीला ग्राहकसंरक्षण संहितेत जोडविक्रीचा निषेध होता. एक वस्तू हवी असल्यास दुसरी सेवा घेतलीच पाहिजे अशी सक्ती विक्रेत्यास करता येत नसे. या दोन नियमांच्या चौकटीत ॲपल व ऑरेंज यांचा मक्ता बसवावयाचा होता. त्यांनी तो बसविला, आणि अशा कौशल्याने बसविला की त्याची दाद द्यावी लागते. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विक्री सुरू झाली तेव्हा एकाच यंत्राच्या अनेक किंमती होत्या. आयफोनसाठी खास ठरविलेली वर्गणी घेणाऱ्यास ३९९ युरो. कोणतीही वर्गणी न घेणाऱ्यास ६४९ युरो, पण कुलूप कायम. कुलूपही नको असेल तर आणखी १०० युरो, म्हणजे ७४९. आणि सहा महिने वाट पाहिली तर तेच कुलूप फुकट उघडून मिळणार.

या किंमतपत्रकाकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहिले पाहिजे. कायद्याने सहा महिन्यांनंतरची किल्ली फुकट ठरविली होती. त्याआधीच्या किल्लीविषयी तो मूक होता. कंपनीने त्या मौनाला १०० युरो किंमत लावली. जोडविक्रीच्या निषेधामुळे वर्गणीवाचून यंत्र विकणे भाग होते. ते कितीला विकावे याविषयीही कायदा मूकच होता. त्या मौनाची किंमत २५० युरो झाली. कायद्याचे एकही कलम मोडले गेले नाही. तरीसुद्धा ज्याला ऑरेंजची वर्गणी नको होती त्याला तीच वस्तू जवळजवळ दुपटीने महाग पडत होती. नियम करणाऱ्यांना हे अभिप्रेत होते काय? आमच्या मते नव्हते; तथापि त्यांनी नियम केला तो यंत्रावर, किंमतीवर नव्हे, आणि व्यापारी किंमतीच्या वाटेने निसटला.

येथे एक भौगोलिक गंमत नमूद करण्याजोगी आहे. २८ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात मोकळा आयफोन दोन्ही देशांत विकत मिळत होता. ऱ्हाइन नदीच्या एका तीरावर जर्मनीतील केल गाव, दुसऱ्या तीरावर फ्रान्सचे स्त्रासबुर्ग शहर. मध्ये पूल, चलन एकच, सीमेवर जकात नाही. अलीकडे ९९९ युरो, पलीकडे ७४९. वस्तू तीच, तिला घडविण्याचा खर्चही तोच. अडीचशे युरोंचा हा फरक दोन देशांच्या कायद्यांतील व मक्त्यांतील भेदाखेरीज कशानेही स्पष्ट होत नाही.

बेल्जियमची कथा याहून कडक नियमाची आहे. तेथील १४ जुलै १९९१ च्या व्यापारव्यवहार-कायद्याने ग्राहकांसाठी जोडविक्री सरसकट निषिद्ध केली होती; वर्गणीशी बांधून यंत्र स्वस्तात देण्याची सवलतही तीत येत असे. पहिल्या पिढीचा आयफोन बेल्जियममध्ये आलाच नाही. दुसरा, तिसऱ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारा, जुलै २००८ मध्ये आला तेव्हा मोबिस्टार कंपनीने तो कुलपाशिवाय विकला. किंमती ५२५ व ६१५ युरो. अमेरिकेत त्याच यंत्राची जाहीर किंमत दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलर होती. बेल्जियन ग्राहकाला यंत्र महाग पडले अशी तक्रार त्या वेळी झाली, आणि वरवर पाहता ती खरीही होती. फक्त अमेरिकन ग्राहकाला तेच यंत्र किती स्वस्त पडले याचा हिशेब दोन वर्षांच्या पावत्या जोडल्यावाचून करता येत नव्हता. बेल्जियममध्ये मक्ता उरला तो दुकानापुरता. मोबिस्टारकडून यंत्र घ्यावे आणि कोणाचेही कार्ड घालावे, यास काही आडकाठी नव्हती.

हा कायदा टिकला नाही, आणि तो पडला त्या प्रकरणाचा मोबाइलशी काडीचाही संबंध नव्हता. एका पेट्रोल कंपनीने किमान २५ लिटर पेट्रोल घेणाऱ्या मोटारवाल्यांना तीन आठवडे मार्गसाहाय्य फुकट देऊ केले होते. एका स्त्रियांच्या साप्ताहिकाने अंकासोबत अंतर्वस्त्रांच्या दुकानांची सवलतपत्रिका वाटली होती. प्रतिस्पर्ध्यांनी दोहोंवर जोडविक्रीचा दावा लावला. ते दावे लक्झेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे गेले, आणि २३ एप्रिल २००९ रोजी न्यायालयाने सांगितले की असा सरसकट निषेध युरोपीय संघाच्या २००५ च्या अनुचित व्यापारव्यवहारविषयक निर्देशाशी विसंगत आहे. प्रत्येक प्रकरण त्याच्या गुणदोषांवर तपासले पाहिजे. आधीच सर्व दारे बंद करता येणार नाहीत. पुढे ६ एप्रिल २०१० च्या नव्या कायद्यात बेल्जियमने तो निषेध काढून टाकला. ग्राहकाच्या स्वातंत्र्यासाठी केलेला कडक नियम अशा रीतीने ग्राहकसंरक्षणाच्याच एका युरोपीय निर्देशाखाली नाहीसा झाला.

फ्रान्समधील मक्त्याचे पुढे काय झाले हे पाहणे आता शिल्लक आहे. यंत्र उघडून देण्याचा नियम होता, मोकळे यंत्र विकत मिळत होते. मग प्रतिस्पर्धी बुईग टेलिकॉम कंपनीला तक्रार करण्याचे कारण काय होते? कारण असे, की उघडण्याचा नियम ज्याने यंत्र आधीच घेतले आहे त्याला जावयाची वाट मोकळी करून देतो; प्रतिस्पर्ध्याला ते यंत्र घाऊक विकत घेऊन आपल्या पदरची सवलत देऊन ग्राहकापुढे ठेवण्याची संधी तो देत नाही. बुईगकडे येऊ इच्छिणाऱ्याने ७४९ युरो मोजावे आणि ऑरेंजकडे जाणाऱ्याने कितीतरी कमी, अशी स्थिती असेतोवर ते मोकळेपण नावापुरतेच राहावयाचे. कुलूप यंत्रावर होते आणि मक्ता सवलतीवर. पहिल्याची किल्ली दुसऱ्याला लागत नव्हती.

म्हणून तक्रार गेली ती दूरसंचार-नियामकाकडे नव्हे, स्पर्धा परिषदेकडे. परिषदेच्या तपासात मक्त्याची मुदत उघड झाली : पाच वर्षे, ॲपलला मात्र तीन वर्षांनंतर तो संपविता येत होता. फ्रान्समध्ये स्वतःचे जाळे असलेल्या कंपन्या त्या वेळी तीनच, आणि ऑरेंज त्यांतील सर्वांत मोठी. अशा बाजारात इतक्या दीर्घ मुदतीचा मक्ता आधीच मंद असलेली स्पर्धा आणखी मंद करील, असे परिषदेचे मत पडले, आणि १७ डिसेंबर २००८ रोजी तिने अंतरिम उपाय म्हणून तो स्थगित केला. ४ फेब्रुवारी २००९ रोजी पॅरिसच्या अपील न्यायालयाने हा निर्णय कायम केला. एप्रिल २००९ मध्ये एस्.एफ्.आर. व बुईग या दोघांच्याही दुकानांत आयफोन आला. १९९८ च्या नियमाला जे सोळा महिन्यांत साधले नव्हते ते स्पर्धेच्या कायद्याने चार महिन्यांत घडवून आणले.

ब्रिटन व अमेरिका या देशांत उलट क्रम आढळतो. ब्रिटनमध्ये ओ-टूचा मक्ता नोव्हेंबर २००९ मध्ये, कोणत्याही न्यायनिर्णयावाचून, संपला. परंतु कुलूपबंद यंत्रे विकण्यास तेथील नियामकाने बंदी केली ती डिसेंबर २०२१ पासून. मक्ता गेल्यावर कुलूप बारा वर्षे जगले. अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन कंपनी आयफोन विकू लागली व ए. टी. अँड टी.चा मक्ता संपुष्टात आला. पण व्हेरायझनने विकलेले ते यंत्र सी.डी.एम्.ए. पद्धतीचे होते, त्यात सिम-कार्डाला जागाच नव्हती. ग्राहकाला आता दोन दुकाने मिळाली, मात्र एका दुकानातले यंत्र दुसऱ्याच्या जाळ्यावर नेता येईना. कुलूप उघडण्याची सूटही मधल्या काळात गेली : २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या यंत्रांना ती लागू राहिली नाही. त्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे पाठविलेल्या अर्जावर एक लाखाहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र कायदा होऊन ती सूट परत मिळाली. त्यातही किल्ली देण्याचे बंधन सेवाकंपन्यांवर आले नाही.

फ्रान्समधील दाव्याचा शेवट मात्र सांगितला पाहिजे. स्पर्धा परिषदेची जागा घेणाऱ्या स्पर्धा प्राधिकरणाने ११ जानेवारी २०१० रोजी ॲपल व ऑरेंज यांच्याकडून असा दीर्घ मक्ता पुन्हा न करण्याची हमी लिहून घेतली आणि प्रकरण बंद केले. त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १६ फेब्रुवारी २०१० रोजी, फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पॅरिसच्या न्यायालयाचा २००९ चा निर्णय रद्द ठरविला. म्हणजे ज्या निर्णयाच्या आधारे मक्ता स्थगित राहिला होता तो कायद्याच्या दृष्टीने टिकला नाही. तोपावेतो तिन्ही कंपन्यांच्या दुकानांत आयफोन दहा महिने विकला जात होता, आणि त्या निकालानंतरही तो तेथे विकला जातच राहिला.